तक्रार क्रमांक अकरा

भाऊसाहेबांच्या छातीत पहिली धडधड झाली ती एका सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण धडधड थांबायच्या आत त्यांनी ती वहीत लिहून टाकली होती. दुसऱ्या एखाद्यानं छाती धरली असती, पाणी मागितलं असतं, निदान देवाचं नाव तरी घेतलं असतं. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

चौतीस वर्षं कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. कागद आला, नंबर घाला. कागद गेला, नंबर घाला. मधे त्याचं काय होतं ते वाचणं या टेबलाच्या धर्मात बसत नाही. ‘तक्रार खरी की खोटी हे ठरवणारे आपण कोण? ती आली, एवढंच आपण म्हणायचं,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि निवृत्तीला सहा वर्षं होऊनही घरात ते लागू होतं. बायको म्हणायची, नळ गळतोय. भाऊसाहेब म्हणायचे, नोंद घेतली. नळ गळतच राहायचा, पण नोंद मात्र पक्की असायची.

धडधडीची बातमी त्यांनी बायकोला जेवताना दिली.

“किती वाजता झाली?” बायकोनं विचारलं.

“दहा-चाळीस.”

“दहा-पस्तीसला तुमचं शेजारच्या मास्तरांशी भांडण चाललं होतं. जिन्यातल्या दिव्यावरून. मी खिडकीतून ऐकत होते.”

“त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

“नसेल. मास्तरांची धडधड झाली का ते विचारून येऊ?”

पण नंतर दोनदा धडधड झाली, आणि दोन्ही वेळा मास्तर आसपास नव्हते. तेव्हा बायको हसायची थांबली. भाऊसाहेबांनी तर कपाट आवरायला काढलं, विम्याच्या फाइलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आणि कुठला कागद कुठं आहे ते बायकोला दोनदा समजावून सांगितलं. भाऊसाहेब घाबरले आहेत हे ओळखायची एवढी एकच खूण होती. एरवी त्यांनी त्या कपाटाला कुणाला हात लावू दिला नसता.

आता हृदयाचा डॉक्टर म्हणजे बसनं सात तास, मधे दोनदा बस बदलायची, शेवटचा पाऊण तास उभ्यानं. एवढा प्रवास ज्याच्या हृदयाला झेपतो त्याला डॉक्टरची गरज नाही आणि ज्याला गरज आहे त्याला तो झेपत नाही, अशी सोय होती. मात्र गावच्या आरोग्य केंद्रात आठ महिन्यांपासून एक पडदा आला होता. दर मंगळवारी अकरा ते बारा त्या पडद्यावर शहरातल्या डॉक्टरबाई दिसायच्या आणि चार पेशंट बघायच्या. चारच. पाचवा कितीही निळा पडलेला असला तरी पुढच्या मंगळवारी.

केंद्राला स्वतःचा डॉक्टर तीन वर्षं नव्हता. त्याच्या खुर्चीवर कापसाचे गठ्ठे ठेवलेले असत आणि लोक सवयीनं त्या गठ्ठ्यांनाच नमस्कार करून आत शिरत. बाकी सगळं केंद्र म्हणजे एकट्या सिस्टर. केसपेपर त्या काढायच्या, इंजेक्शन त्या द्यायच्या, लसींच्या फ्रिजचं तापमान त्या लिहायच्या, आणि मंगळवारी वरच्या मजल्यावरची पडद्याची खोली उघडून पेशंटच्या शेजारी त्याच बसायच्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, अंगानं भरलेल्या, तोंडानं फटकळ.

“पाच आठवड्यांनंतरची जागा आहे,” सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

“पाच आठवडे? बाई, हृदय आहे हे, रेशनकार्ड नाही.”

“रेशनकार्डाला सात महिने लागतात. त्या मानानं हृदयाचं लवकर होतंय. वर चला, ईसीजी काढते.”

वर जायला जिना होता, मधे वळण. सिस्टर पुढं, भाऊसाहेब मागं. वळणावर सिस्टर थांबल्या आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून किल्ली शोधायला लागल्या. भाऊसाहेबही थांबले. जुडग्यात पाच किल्ल्या. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं. त्यांना ते खटकलं. कचेरीत असताना शिपाई पाण्याला उठला तरी तो किती मिनिटांनी परतला हे त्यांना बघावं लागत नसे, कळतच असे. घरी येऊन त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: ‘किल्ली शोधणे — एक मिनिट.’

हे मागचं पान पुढं फार महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून ते इथंच दाखवून ठेवलं.

ईसीजी ठीक आला. सिस्टर म्हणाल्या तसं, पण भाऊसाहेबांनी ते मानलं नाही. सही करायचा अधिकार नसलेल्या माणसाचं मत त्यांनी आयुष्यात कधी ग्राह्य धरलं नव्हतं. त्यांना पडद्यावरच्या बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. तोवर सिस्टरनी एक छापील फॉर्म दिला. त्यावर रुग्णाचं नाव, वय, आणि खाली ‘तक्रारी’ असं लिहून बारा ओळी आखलेल्या. फॉर्म भरून आणायचा, मग सिस्टर तो संगणकात चढवणार आणि डॉक्टरबाई तो आधी वाचणार.

गोष्ट बिघडली ती या बारा ओळींमुळं. भाऊसाहेबांनी पहिल्या ओळीत धडधड लिहिली. दुसऱ्या ओळीत, बऱ्याच विचारानंतर, जेवणानंतरची जळजळ. मग त्यांचं पेन थांबलं. दहा ओळी कोऱ्या. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून कोऱ्या ओळीचा फॉर्म पुढं गेला नव्हता.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला. शिलाईचं काही काम नसलं की तो वर येत असे, म्हणजे रोजच.

“भाऊसाहेब, पाच आठवड्यांनी एकदा डॉक्टर भेटणार, आणि तुम्ही दोनच गोष्टी विचारणार? माणूस लग्नाला जातो तेव्हा फक्त अक्षता टाकून परत येतो का? मला बघा, मशीनवरून उठलो की डोळ्यांपुढं अंधारी येते. तेवढं घाला की तिसऱ्या ओळीत.”

“तुझी अंधारी माझ्या नावावर? शक्य नाही.”

“डॉक्टरबाईंना पडद्यातून काय कळतंय अंधारी कुणाची? आणि मी तक्रार केली, तुम्ही ऐकली. म्हणजे आवक झाली ना?”

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. आलेली तक्रार नाकारणं भाऊसाहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी वहीत ‘३ — शिंपी’ असं लिहिलं आणि फॉर्मवर अंधारी.

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला कळलं. शेजारचे मास्तर आले. हे ड्रिलमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पण आवाज अजून मैदानातच होता. जिन्यातल्या दिव्यावरून अबोला होता, तरी ते आले.

“मी आजारी नाही, हे आधी लिहून घ्या.”

“त्याला रकाना नाही.”

“बरं. डावा खांदा. हात वर केला की कट असा आवाज येतो. मला काही वाटत नाही त्याचं. पण डावी बाजू आहे म्हणून केवळ शास्त्राच्या दृष्टीनं.”

चार नंबर झाला. मग पोस्टमन आला. कुत्रं भुंकलं की त्याचं काळीज घशात यायचं. वाचनालयातल्या बाईंना हसलं की उचकी लागायची. शिंप्याच्या सासूबाईंचे पाय संध्याकाळी सुजायचे. किराणावाल्याला उजव्या कुशीवर झोप येत नसे आणि डाव्या कुशीवर त्याच्या बायकोला येऊ देत नसे, इतका तो घोरायचा. मेहुण्यानं फोनवरून कळवलं की काही कारण नसताना त्याचं वजन सहा किलोनं उतरलंय. आणि शेवटी खुद्द बायको, भांडी विसळता विसळता म्हणाली, “लिहिताच आहात तर लिहा, माझं सहा किलोनं वाढलंय.”

“कारण?”

“तुमच्या मेहुण्यांचं उतरलेलं कुठं तरी जायला हवं ना.”

दहा ओळी भरल्या. अकरावी आणि बारावी रिकामी राहिली, ती भाऊसाहेबांनी पट्टी लावून तिरक्या रेघेनं बंद केली आणि रेघेवर आद्याक्षरं केली. पुढं कुणी काही घुसडू नये म्हणून. अशा खबरदारीबद्दल कचेरीत त्यांची ख्याती होती.

या पाच आठवड्यांत आरोग्य केंद्रात त्यांच्या नऊ फेऱ्या झाल्या. दोनदा पुन्हा ईसीजी आणि रक्त द्यायचं म्हणून. एकदा फॉर्मवर फोटो हवा म्हणून. एकदा फोटोत कान दिसत नाहीत म्हणून. (“हृदयाला कान कशाला?” भाऊसाहेबांनी विचारलं. “मला नका विचारू, संगणकाला विचारा,” सिस्टर म्हणाल्या.) एकदा संगणकानं त्यांचं वय एकशे सहासष्ट घेतलं म्हणून, आणि ते दुरुस्त करायला जन्माचा दाखला लागेल म्हणून पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी संगणक वरच्या खोलीत, प्रत्येक वेळी तोच जिना आणि वळणावर तीच किल्ली. मागचं पान भरत गेलं. दोन मिनिटं. दोन मिनिटं. तीन मिनिटं. सातव्या फेरीला तर सिस्टर चार मिनिटं उभ्या होत्या, एक हात कठड्यावर, एक गालावर, आणि किल्ली हातातच होती.

भाऊसाहेबांनी शेरा मारला: ‘किल्ली हातात असताना किल्ली शोधणे. गाल धरून दाढदुखीचे ढोंग.’

त्याच दिवशी त्यांनी एका अर्जाचा कच्चा मसुदाही केला. विषय: परिचारिकेच्या जिन्यावरील दिरंगाईबाबत. मसुदा इतका झकास उतरला की त्यांनी तो बायकोला वाचून दाखवला.

“पाठवणार?” बायकोनं विचारलं.

“माझी तपासणी होऊन जाऊ दे. आधी पाठवला तर बाई मनात धरतील.”

“म्हणजे त्यांच्याकडून काम करून घ्यायचं आणि मग पाठवायचा. शहाणेच आहात.”

मंगळवार उजाडला. भाऊसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कारण पहिली छाप महत्त्वाची, आणि आत बनियन नवा घातला, कारण दुसरी छाप त्याहून महत्त्वाची. बायको बरोबर होती. आणि बघतात तर मास्तर, शिंपी, पोस्टमन आणि किराणावाला केंद्राच्या दारात आधीच हजर.

“तुम्ही कशाला आलात?”

“आमचा निकाल आहे,” शिंपी म्हणाला.

त्या दिवशी इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. हे मुद्दाम सांगून ठेवायला हवं, कारण आपल्याकडे काहीही झालं की लोक त्याच्यावरच ढकलतात. चित्र स्वच्छ होतं, आवाज खणखणीत होता. जे काही झालं ते माणसांनी केलं.

सिस्टर जिन्याच्या वळणावर पाच मिनिटं थांबल्या. कपाळावर घाम. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं, बायकोनं सिस्टरकडं.

पडद्यावर डॉक्टरबाई आल्या. चाळिशीच्या, चष्म्याच्या, समोर कागद.

“नमस्कार. तुमची यादी वाचली. नोकरीला लागल्यापासून अशी यादी वाचली नव्हती.”

भाऊसाहेब सुखावले.

“उठल्यावर अंधारी. हसल्यावर उचकी. कुत्रं भुंकल्यावर काळीज घशात. बरं, वजन सहा किलोनं कमी झालंय?”

“हो.”

“आणि सहा किलोनं वाढलंय?”

“हो.”

“म्हणजे?”

“म्हणजे आहे तेवढंच आहे.”

बायकोनं छताकडं पाहिलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “तुमचा पहिला मुद्दा घेऊ. धडधड. तुमचे तीनही ईसीजी पाहिले, रक्ताचे रिपोर्ट पाहिले. तुमचं हृदय उत्तम आहे. दिवसाला चहा किती?”

“सात.”

“तीन करा. आणि भांडणं?”

“एक-दोन.”

“तीही कमी करा. झालं तुमचं.”

पाच आठवडे, नऊ फेऱ्या, जन्माचा दाखला, कानांसकट फोटो, आणि निकाल काय तर ‘चहा कमी करा’. माणसाला आजार नसल्याचं वाईट वाटू नये, पण इतक्या थोडक्यात वाटेला लावलं की वाटतंच. निदान लॅटिनमधलं एखादं नाव तरी मिळायला हवं होतं. खाली मास्तर उभे होते. त्यांना काय सांगणार?

“पण मी तुमच्यासाठी थांबलेली नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. “मला अकरा नंबरबद्दल बोलायचंय. तो वाचल्यापासून मी घड्याळ बघतेय.”

“अकरा नंबर नाही,” भाऊसाहेब म्हणाले.

“आहे. ऐका. जिना चढताना छातीवर ओझं ठेवल्यासारखं होतं, कळ जबड्यात जाते, घाम सुटतो, थांबलं की जातं. तीन आठवडे झाले. परवापासून बसल्या जागीही होतंय. हे तुम्हाला होतंय?”

भाऊसाहेबांनी वही उघडली. “मॅडम, मूळ प्रतीत दहाच आहेत. अकरावी आणि बारावी ओळ रेघ मारून बंद केली होती. वर माझी सही आहे. दस्तऐवजात फेरफार झालेला आहे.”

“टायपिंगची चूक असेल हो,” शेजारून सिस्टर म्हणाल्या.

“टायपिंगच्या चुकीत वेलांटी पडते बाई, घाम नाही सुटत!” भाऊसाहेब आता पुरते रंगात आले होते. आजार नाही तर नाही, निदान अफरातफर तरी सापडली. “मॅडम, याची चौकशी व्हायलाच हवी. फॉर्म मी स्वतः दिला. संगणकात कुणी चढवला? कुणी टाइप केलं हे?”

प्रश्न विचारून झाल्यावर भाऊसाहेबांना त्याचं उत्तर ऐकू आलं. केंद्रात टाइप करणारं माणूस एकच होतं.

“मी,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा हात गालावर होता.

“बसा तुम्ही आधी,” बायको म्हणाली, आणि खांद्याला धरून तिनं सिस्टरना पेशंटच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीतून भाऊसाहेब केव्हा उठले ते त्यांनाही कळलं नाही.

“सिस्टर,” पडद्यावरून डॉक्टरबाई म्हणाल्या, “आठ महिने दर मंगळवारी आपण बोलतोय. एकदा तरी सांगायचं.”

“चारच जागा असतात ना मॅडम. चारही दरवेळी भरलेल्या. नावं मी घालते, आणि माझं मीच घातलं तर लोक म्हणतील बाईनं घरचं उरकलं. काल यांची यादी टाइप करत होते.” सिस्टर भाऊसाहेबांकडं बघून हसल्या, दम खात खात. “शिंप्याची अंधारी मला माहीत आहे, मास्तरांचा खांदा माहीत आहे, पोस्टमनला तर इंजेक्शन मीच देते. एका माणसाच्या नावावर दहा दुखणी बसलीच आहेत, म्हटलं अकरावं काय जड होणार.”

“किती दिवस होतंय? नक्की कधीपासून वाढलं? आठवून सांगा.”

“असेल… पंधरा दिवस. वीस. लक्षात नाही हो राहत. कामात असते.”

भाऊसाहेब वहीकडं बघत होते. वही मागून उघडी होती.

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात की तोंड उघडावं तर लाज आणि मिटावं तर पाप. भाऊसाहेबांनी वही पुढं धरली.

“मॅडम, माझ्याकडे नोंद आहे.”

“कसली?”

“तीन तारीख, एक मिनिट. सात तारीख, एक मिनिट. अकरा, दोन मिनिटं. चौदा, दोन. सतरा, दोन, कठडा धरून. एकवीस, तीन. पंचवीस, चार मिनिटं, हात गालावर. अठ्ठावीस, चार. तीस, चार. आज पाच, घामासह.” त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “जिन्याच्या वळणावर थांबण्याचा वेळ आहे हा.”

डॉक्टरबाई भराभर लिहून घेत होत्या. “वा! इतकी चांगली हिस्टरी मला माझे शिकाऊ डॉक्टरही देत नाहीत. का ठेवलीत ही नोंद? तुम्हाला शंका आली होती?”

आता ‘हो’ म्हणायला काही लागत नव्हतं. सगळं झाकलं गेलं असतं, वर शाबासकी. पण नोंदवहीबद्दल खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “यांच्याविरुद्ध अर्ज करायचा होता. कामात दिरंगाई म्हणून.”

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. सिस्टर मात्र गाल धरून हसत सुटल्या. “तरीच घड्याळ बघायचात! मला वाटलं, तुमचा चहाचा टाइम होतोय.”

“हसू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ईसीजी काढा. आत्ता.”

पण ईसीजी काढणारं माणूसही एकच, आणि ते खुर्चीत. शेवटी भाऊसाहेबांची बाहेर रवानगी झाली, सिस्टर टेबलावर आडव्या झाल्या आणि झोपूनच शिकवायला लागल्या. दाराबाहेर भाऊसाहेबांना ऐकू येत होतं.

“लाल वायर उजव्या हाताला. पिवळी डाव्या. अहो, माझा उजवा, तुमचा नाही.”

“नीट पडून राहा बघू. पेशंटनं बोलायचं नसतं,” बायको म्हणाली. “हिरवी कुठं?”

“डावा पाय. काळी उजवा. तुम्ही आमच्याकडे नोकरीलाच का येत नाही?”

“घरी एक पेशंट आहे. त्याला सोडून कुठं जाऊ.”

कागद कॅमेऱ्यापुढं धरला गेला. मग एकामागून एक सूचना आल्या: कपाटातली अमुक गोळी चावून खायला द्या, एक पाऊलही चालवू नका, ॲम्ब्युलन्सनं थेट जिल्ह्याच्या हृदयाच्या हॉस्पिटलात, मी तिथं फोन करतेय. भाऊसाहेब, ॲम्ब्युलन्स बघा.

ॲम्ब्युलन्स आवारातच उभी होती. ड्रायव्हरही होता, झोपेतून उठून तयारही झाला. पण त्यानं हात पुढं केला.

“रेफरचं पत्र द्या. सिस्टरच्या सहीचं.”

“सिस्टरच पेशंट आहेत.”

“मग दुसऱ्या स्टाफच्या सहीचं.”

“दुसरा स्टाफ कुठं आहे? कापसाचे गठ्ठे आहेत.”

“साहेब, माझा जीव नका खाऊ. मागच्या वेळी बिनपत्राचा गेलो तर महिनाभर खुलासे लिहीत होतो. सही कुणाचीही चालवून घेईन, पण जावक नंबर नसेल तर टायर हलायचा नाही.”

दुसरा कुणी असता तर त्यानं ड्रायव्हरची गचांडी धरली असती. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, तेज चढलं. सहा वर्षं त्यांना कुणी जावक नंबर मागितला नव्हता. त्यांनी सिस्टरच्या टेबलावरचा कागद ओढला. चौतीस वर्षं त्यांचं एकही पत्र ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ या ओळीशिवाय सुरू झालं नव्हतं. या पत्रात ती ओळच नव्हती. ‘ड्यूटीवरील परिचारिका स्वतःच रुग्ण आहेत. हृदयविकार. पडद्यावरील डॉक्टरांचा आदेश. ताबडतोब न्यावे.’ खाली सिस्टरनी आडव्यानं सही केली, पाठवणारी म्हणून एक आणि रुग्ण म्हणून एक. वर भाऊसाहेबांनी जावक रजिस्टर उघडून नंबर घातला, तारीख घातली, वेळ घातली. पहिल्या अक्षरापासून शिक्क्यापर्यंत दोन मिनिटं. त्यांच्या जुन्या कचेरीत याच कामाला अकरा दिवस लागत, आणि ते जलद समजलं जाई.

आता सिस्टरना खाली न्यायचं. चालवायचं नाही, आणि जिना वळणाचा. खाली निकालासाठी थांबलेली मंडळी वर धावली.

“कोण पेशंट?” शिंप्यानं विचारलं.

“सिस्टर.”

“सिस्टर? मग आमच्या यादीचं काय?”

“पुन्हा यादी म्हणालास तर तुझी अंधारी मीच काढीन,” मास्तर गरजले. “खुर्ची आणा! शिंपी मागं डावीकडं, किराणा मागं उजवीकडं, पोस्टमन आणि मी पुढं. उचल! एक पायरी. थांब. एक पायरी. थांब. वळण येतंय, डावं अंग आत!”

सिस्टर खुर्चीत राणीसारख्या बसून जिना उतरल्या. मास्तरांचा डावा हात खांद्याच्या वर होता. कट असा एक आवाज आला.

“मास्तर, चार नंबर!” शिंपी म्हणाला.

“गप्प बस, पायरी मोज.”

ॲम्ब्युलन्समध्ये बायको बरोबर बसली. कुणी सांगितलं नव्हतं, पण पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन ती चढलीच. दार लागणार इतक्यात सिस्टरनी हात आडवा घातला.

“भाऊसाहेब, फ्रिज. लसींचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहावं लागतं. बाहेरचा काटा बघायचा आणि लिहायचं. माझ्या बदलीची मुलगी येईपर्यंत. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या नोंदीवर माझा भरवसा नाही.” आणि मग बारीक आवाजात, “तो अर्ज पाठवलात का?”

“मसुदाच आहे.”

“बरं झालं. आले की वाचायला द्या. भाषा बघीन.”

गाडी गेली. भाऊसाहेबांनी संध्याकाळी काटा पाहिला. तापमान लिहिलं. मग घरी येऊन ते स्वतः चहा करायला गेले, भांडं सापडेना म्हणून परत बसले, आणि नळ गळताना ऐकत राहिले. गाडी निघाल्यापासून साडेसात तासांनी बायकोचा फोन आला. हृदयाच्या एका नळीत नव्वद टक्के अडथळा होता. काढला. आत जाळी बसवली. सिस्टर शुद्धीवर आहेत आणि तिथल्या नर्सला सलाइनची सुई नीट कशी लावायची ते शिकवताहेत.

“तुम्ही जेवलात का?” बायकोनं विचारलं.

“नळाचा वॉशर कुठं मिळतो?” भाऊसाहेबांनी विचारलं.

बदलीची मुलगी पाचव्या दिवशी आली. तोवर फ्रिजच्या रजिस्टरात नऊ नोंदी झाल्या, मिनिटासकट. शिंप्याच्या अंधारीचं निदान तिनं पट्ट्यानं रक्तदाब मोजून जागेवर केलं, सासूबाईंना मंगळवारची जागा दिली, आणि मास्तरांच्या खांद्याला काही झालेलं नाही असं मास्तरांनीच जाहीर केलं. जिन्यातला दिवा भाऊसाहेबांनी आणि त्यांनी मिळून बसवला. त्यात एकदाच भांडण झालं.

सात आठवड्यांनी, एका सोमवारी, सिस्टर कामावर परत आल्या. भाऊसाहेबांना तिथं काही काम नव्हतं, पण फ्रिजचं रजिस्टर विधिवत परत करायचं म्हणून ते गेले. मास्तरांना शास्त्राच्या दृष्टीनं यायचं होतं. शिंपी नेहमीप्रमाणं मोकळाच होता. सगळे जिन्याच्या तळाशी उभे राहिले. सगळे वळणाकडंच बघत होते.

सिस्टर पायऱ्या चढायला लागल्या. एक, दोन, तीन, न थांबता, सावकाश. थोड्या वाळल्या होत्या. वळण आलं. आणि वळणावर सिस्टर थांबल्या.

खाली मास्तर खुर्ची शोधायला लागले. भाऊसाहेबांच्या छातीत धाडकन धडधड सुरू झाली, पाच आठवडे वाट बघून डॉक्टरबाईंना जी दाखवता आली नाही ती अस्सल, पहिल्या नंबरची.

सिस्टर वळल्या. खाली तीन चेहरे पाहिले. कमरेचा जुडगा काढून त्यांनी वर धरला.

“किल्ली शोधतेय हो! कुलूप बदललंय त्या पोरीनं. जा आपापल्या घरी.”

भाऊसाहेब भिंतीला टेकले. घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी वही काढली, मागचं पान उघडलं आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं: ‘किल्ली शोधणे — पन्नास सेकंद. शेरा: किल्लीच.’

मग पट्टी नव्हती म्हणून बोटाच्या कडेनंच, पानाच्या उरलेल्या ओळींवर त्यांनी तिरकी रेघ मारली आणि सही केली.